झाकणकाकू आणि चार रिकामे कान

आमच्या ऑफिसात चहाच्या टेबलावर साखरेची बरणी असते. त्या बरणीचं झाकण बाजूला पडलेलं दिसलं की समजायचं, काकू आज रजेवर आहेत. पेनांची टोपणं, पाण्याच्या बाटल्या, कपाटांची दारं, काकूंना काहीही उघडं पडलेलं चालत नसे. वाक्यसुद्धा. मी एकदा त्यांना म्हणालो, "काकू, परवा मीटिंगमध्ये साहेब जे म्हणाले ना, ते..." आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. फोन संपवून मी तसाच जेवायला निघालो. काकू जिन्यापर्यंत मागे आल्या. "ते काय? वाक्य पुरं कर आणि मग खुशाल जेव." काय म्हणणार होतो ते मला तोवर आठवेना. त्यांनी दोन दिवस माझा पिच्छा सोडला नाही, शेवटी मी काहीतरी थाप मारून सुटका करून घेतली.

आम्ही त्यांचं नाव झाकणकाकू ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. हे त्यांना कळलेलं नाही अशी आमची नऊ वर्षं समजूत होती. मग एका वाढदिवसाला त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक झाकणवाला कप दिला आणि आमची तोंडं बघत उभ्या राहिल्या.

काकू बोर्ड काढायच्या. कुठलंही यंत्र उघडलं की आत एक हिरवी पाटी दिसते, तिच्यावर काळे किडे चिकटवल्यासारख्या चिपा असतात आणि त्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या तांब्याच्या रेघा. त्या रेघा कुणीतरी बसून आखाव्या लागतात. काकूंनी त्या तीस वर्षं आखल्या. पहिली काही वर्षं पारदर्शक फिल्मवर काळ्या पट्ट्या चिकटवून, नंतर संगणकावर. त्या सुरुवातीच्या दिवसांमुळे त्यांचा डावा अंगठा थोडा वाकडा झाला होता. कुणी कंटाळा केला की तो अंगठा पुढे नाचवला जाई.

त्यांचा एकच गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. बोर्ड बनून आला आणि चुकलेला निघाला, तर तो फेकून देत नाहीत. वरून एक बारीक तार सोल्डर करतात आणि चुकलेलं जोडून घेतात. प्रत्येकाच्या बोर्डावर कधी ना कधी अशी तार लागते. माझ्या दुसऱ्याच बोर्डावर अकरा होत्या, साहेब त्यांना जटा म्हणायचे. काकूंच्या बोर्डावर तीस वर्षांत एकही तार लागली नव्हती. नवा माणूस कामाला आला की पहिल्या आठवड्यात त्याला हे सांगितलं जाई, आणि सांगणाऱ्या बहुतेक काकूच असत.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे रिकाम्या लेन. हल्लीच्या चिपा एकमेकींशी भयंकर वेगाने बोलतात आणि त्या बोलण्यासाठी दोन-दोन रेघांच्या जोड्या असतात, त्यांना लेन म्हणतात. काही लेन बोलायच्या, काही ऐकायच्या. चिपेत आठ असतात, आपल्याला लागतात चार. उरलेल्या चारांचं काय करायचं? पहिल्या वर्षी मी काहीच केलं नव्हतं, तशाच सोडून दिल्या होत्या. काकूंनी मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं.

"हा कान आहे," त्या ऐकणाऱ्या लेनवर पेन्सिल ठेवून म्हणाल्या. "ह्याच्याशी कुणी बोलत नाही. मग हा काय करेल?"

"गप्प बसेल."

"तुझी मोठी आत्या गप्प बसते का? शेजारच्या घरातलं ऐकेल, रस्त्यावरचं ऐकेल आणि आपल्यालाच कुणीतरी हाक मारली असं समजून उठून बसेल. रेघ उघडी सोडलीस की ती आजूबाजूची सगळी खुसफुस गोळा करते. एकेक रेझिस्टर घाल आणि ग्राउंडला बांध. कान बंद, झोप शांत."

माझ्या मोठ्या आत्याबद्दल त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही. मी इमानेइतबारे सगळ्या रिकाम्या लेन बांधून टाकल्या, बोलायच्यासुद्धा. तर पुन्हा बोलावणं. "अरे, तोंडाला बोळा कशाला? जे तोंड बोलतच नाही ते कुणाचं काय बिघडवतं? ते मोकळं राहू दे. कान बंद करायचे, कान." पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. पण ती ओळ मी विसरलो असतो, आत्या विसरलो नाही.

काकूंचं लग्न घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी झालं होतं. काका म्हणजे काकूंचं बरोबर उलटं टोक. त्यांच्या छोट्या दुकानातला एकही खण पुरता बंद नसे, घरी नळ थेंबथेंब चालू, आणि बोलणं तर असं की "मी काय म्हणतो..." म्हणून जे गप्प होत ते पुन्हा त्या विषयावर येतच नसत. कधी ते काकूंचा डबा ऑफिसात आणून देत आणि डब्याचं झाकण तिरकं असे. काकू ते आमच्यासमोर नीट बसवत आणि म्हणत, "बत्तीस वर्षं." काका खिडकीबाहेर बघत हसत राहत. काकूंना ह्या माणसावर मनापासून चिडताना मी एकदाही पाहिलं नाही.

निवृत्तीआधीचा काकूंचा शेवटचा बोर्ड टोमॅटोचा होता. म्हणजे टोमॅटो निवडणाऱ्या यंत्राचा. पट्ट्यावरून टोमॅटो धावत जातात, चार कॅमेरे त्यांना चारही बाजूंनी बघतात, आणि नासका दिसला की एक फटका त्याला बादलीत उडवतो. चिपेला आठ कान, कॅमेरे चार. उरलेले चार कान काकूंनी अर्थातच बंद केले. चाचणीसाठी रोज टोमॅटो येत आणि संध्याकाळी आम्ही ते पिशव्या भरून घरी नेत असू. दुसऱ्या आठवड्यात माझ्या घरी त्या पिशवीचं स्वागत होईनासं झालं.

बोर्ड बनायला पाठवण्याआधी काकूंची एक पद्धत होती. सगळं चित्र मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावायचं. काकू हातात रंगीत पेन्सिल घेऊन कागदापाशी उभ्या राहणार, मी कनेक्टरचा, म्हणजे कॅमेऱ्यांच्या केबली जिथे खुपसतात त्या जोडणीचा, तक्ता घेऊन खुर्चीवर. त्या पिनचा नंबर आणि लेन वाचणार, मी तक्त्यात बघून "हो" म्हणणार, त्या रेघ रंगवणार. संगणक हे काम क्षणात करतो, पण काकूंच्या मते संगणकाला लाज नसते, म्हणून तो चुकीवरही हो म्हणतो.

त्या दुपारी माझ्या बायकोने पडद्यांचे अकरा फोटो पाठवले होते. ती विचारत होती, काकू विचारत होत्या, आणि मी दोघींनाही हो म्हणत होतो. एका हातात तक्ता होता, तो मी पहिल्या चार पिनांनंतर बघितलाच नाही. घरी त्यातून पिवळे पडदे आले. ऑफिसात काय आलं ते सांगतो.

जुना कनेक्टर मिळेनासा झाला होता, म्हणून काकूंनी नवा घेतला होता. त्याच्या तक्त्यातलं चित्र खालून पाहिल्यासारखं काढलेलं होतं आणि तसं बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. जुन्याचं वरून होतं. खालचं चित्र वरचं समजून घेतलं की डावं ते उजवं होतं, एक ते आठ आणि आठ ते एक. काकूंनी सवयीने ते वरचं समजलं. आणि ते पकडण्यासाठी ज्याला खुर्चीवर बसवलं होतं, तो पडदे निवडत होता.

वीस बोर्ड बनून आले. केबली लावल्या, यंत्र सुरू केलं, तर चारही कॅमेरे आंधळे. पट्ट्यावरून टोमॅटो ऐटीत निघून जाऊ लागले, नासकेही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला आम्ही चष्मा म्हणतो. चष्म्याने दोन तास स्वतःचा प्रोग्रॅम तपासला. साहेब आले आणि आल्या आल्या म्हणाले, "बोर्ड बनवणाऱ्यांनी घोळ घातला. मी त्यांना फोनवर चांगलंच फैलावर घेतो."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या.

त्यांनी नवा कनेक्टर हातात घेतला, तक्त्यासमोर धरला, मग उलटा केला आणि पुन्हा धरला. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

"खालून आहे," त्या म्हणाल्या. "चित्र खालून आहे. ज्या कानांशी कॅमेरे बोलतायत, त्यांत मी बोळे घातलेत. आणि रिकामे चार सताड उघडे आहेत. फोन करू नका साहेब, चूक माझी आहे."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी पाणी प्यायला गेलो.

नवे बोर्ड बनवून घ्यायला पाच आठवडे लागणार होते आणि टोमॅटोचा हंगाम दहा दिवसांवर होता. पण दैव बघा, सुटका सोपी निघाली. चालत्या लेनवरचे रेझिस्टर काढून टाकले की झालं, एका बोर्डावर आठच. चष्म्याने प्रोग्रॅममध्ये कॅमेऱ्यांचे नंबर उलटे करून घेतले. यंत्र सुरू झालं, कॅमेऱ्यांना दिसू लागलं, पहिला नासका टोमॅटो बादलीत जाऊन आपटला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आणि तारसुद्धा लागली नाही!" साहेब म्हणाले. "काकू, तुमचा विक्रम शाबूत!"

काकू हसल्या, पण ते हसणं पुरतं नव्हतं. पुढचे दोन दिवस त्या यंत्रापाशी स्टूल घेऊन बसल्या. यंत्र बंद करायचं, चालू करायचं, कागदावर रेघ मारायची. बंद, चालू, रेघ. येणारेजाणारे चेष्टा करत होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एकशे त्रेचाळिसाव्या खेपेला यंत्राने जाहीर केलं की आपल्याला पाच कॅमेरे आहेत. पाचवा कॅमेरा जगात नव्हताच. उघड्या कानाने कुठलीतरी खुसफुस ऐकून तो मनानेच बनवला होता. त्या कॅमेऱ्याला अर्थातच एकही धड टोमॅटो दिसेना, आणि यंत्राने समोरचे सगळे लालबुंद, सुरेख टोमॅटो एकामागून एक बादलीत भिरकावले. एक साहेबांच्या बुटावर पडला.

"मी प्रोग्रॅममध्ये त्या चार लेन बंद करतो," चष्मा म्हणाला.

"तुझा प्रोग्रॅम जागा व्हायच्या आधीच चिप डोकी मोजते," काकू म्हणाल्या. "मोजून झाल्यावर तू कान बंद करून काय उपयोग?"

चष्म्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. "पण काकू, शंभरात एकदासुद्धा होत नाही. बंद करून चालू केलं की ठीक."

"तसं कागदावर लिहून देऊ," साहेब म्हणाले, "की यंत्र वेड्यासारखं करायला लागलं तर बंद करून चालू करावं. सगळे तेच करतात. घरच्या टीव्हीलाही आपण तेच करतो."

रिकामे कान आता बंद करायचे तर बोर्डावर त्यासाठी जागाच नव्हती. पाठीमागचा हिरवा रंग खरवडायचा, एकेका रेघेला सुटा रेझिस्टर लावायचा आणि तिथून ग्राउंडपर्यंत बारीक तार ओढायची. एका बोर्डावर आठ तारा. वीस बोर्डांवर किती, ते कुणी मोठ्याने बोललं नाही. काकूंना निवृत्त व्हायला तीन आठवडे उरले होते. तारा नाही लावल्या तर त्या तीस वर्षांचा कोरा विक्रम घेऊन जाणार होत्या, कुणाला काही कळणारही नव्हतं. आणि तारा लावा असं त्यांना सांगायला आमच्यातला एकही धजावला नसता.

तेवढ्यात काका डबा घेऊन आले. झाकण तिरकं होतंच. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं, आमच्यादेखत, शेजारच्या खोलीतल्या भांडणाबद्दल सांगावं तितक्या सहज. काकांनी एक बोर्ड उचलून डोळ्यांजवळ नेला.

"मी काय म्हणतो," काका म्हणाले.

आम्ही वाट बघत राहिलो. काका बोर्ड बघत राहिले.

"काय म्हणतोस?" काकू ओरडल्या. "आज तरी बोलून टाक!"

"असं म्हणतो, की घड्याळ मागे पडतं हे मला माहीत असेल आणि गिऱ्हाइकाला नसेल, तर मला ते त्याच्या हातावर बांधवत नाही. आता तुझं तू बघ."

काकांचं पूर्ण झालेलं एवढं एकच वाक्य मी ऐकलं आहे. काकू काही वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसल्या. मग डोळे पुसले. लपवून नाही, सरळ पदराने पुसले, आणि म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय रे. तीस वर्षं सांभाळलं होतं." आणि लगेच माझ्याकडे वळून, "मी गेल्यावर त्या टोमॅटोवाल्यांचा फोन तुलाच येणार ना? मग? सोल्डरची पेटी आण."

तीन दिवस लागले. काका दुकान बंद ठेवून त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटे घेऊन आले. ते तिळाहून लहान रेझिस्टर धरून ठेवत, काकू तार टेकवत, मी रंग खरवडून देत असे. काका प्रत्येक तार लागली की "छान" म्हणत, आणि काकू म्हणत, "छान काय त्यात? डाग आहे तो माझ्यावर." विसाव्या बोर्डानंतर त्यांनी यंत्र चारशे वेळा चालू करून बघितलं. दर वेळी चारच कॅमेरे.

चूक झाली की आमच्याकडे एक कागद भरायचा असतो. काकूंनी तो तिथेच भरला. काय चुकलं: कनेक्टरचं चित्र उलटं वाचलं. कुणी वाचलं: तिथे स्वतःचं नाव, नेहमीच्या गोल अक्षरांत. त्याखाली रकाना होता, तपासणी कुणी केली. तो त्यांनी कोरा सोडला. मी शेजारी उभा होतो, मी बघितलं. कागद साहेबांकडे गेला नाही, काकूंनी घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर फार बरं झालं असतं. मी रोज ठरवून यायचो की आज सांगायचं, आणि रोज त्यांच्या टेबलाजवळून उगाचच घाईत जायचो.

निरोपाच्या दिवशी सगळे मोठ्या खोलीत जमले. काकू पुढच्या खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत त्यांची पर्स, पलीकडे काका. साहेब बोलायला उभे राहिले. त्यांचा स्वभाव चांगला आहे आणि त्यांना काकूंना सुखाने घरी पाठवायचं होतं, म्हणून त्यांनी थोडी हातचलाखी केली.

"तीस वर्षं," साहेब म्हणाले, "आणि ह्या तीस वर्षांत काकूंच्या बोर्डावर एकही तार..."

"एकशे साठ," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या.

लोक हसले. साहेबही हसले आणि पुढचं वाक्य शोधू लागले. माझे पाय माझ्या आधी उभे राहिले.

"त्यातल्या ऐंशी माझ्या," मी म्हणालो. "काकू वाचत होत्या तेव्हा मी तक्ता बघत नव्हतो. न बघता हो म्हणत होतो. मी फोनवर पडदे बघत होतो."

चष्म्याने विचारलं, "कसले पडदे?" आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. काकू मागे वळल्या. मला वाटलं आता वाकडा अंगठा नाचणार. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली, म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी झाली, आणि पर्समधून तो घडी घातलेला कागद काढला.

"अडीच आठवडे हा रकाना मोकळा ठेवला मी तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "माझा काय जीव गेला असेल, कल्पना आहे तुला? ये, बस इथे आणि लिही."

मी जाऊन बसलो आणि काकांकडून पेन मागून घेतलं.